कार्डात बसायला आजार पायजे

...आन् मंग काय, मानसानं मुद्दाम आजारी पडावं व्हय? न्हाय, तुमीच सांगा! सत्तरी झाली, सरकारनं फुकट उपचाराचं कार्ड दिलं, त्याच्यावर आमच्या मालकांचा फोटू, फोटूत मालक असं बगत्यात जनू कुनी त्यांची चप्पल चोरलीया, ते असू द्या, पन कार्ड हाय न्हवं? दवाखान्यात चालतंय न्हवं? तर त्या खिडकीतनं एकच इचारत्यात, 'त्रास काय होतोय?' अवो, त्रास होऊ नये म्हनून तर आलोय!

थांबा, पयल्यापासनं सांगते, न्हाईतर म्हनाल म्हातारी मधनंच सुरू झाली. आमचे थोरले दीर, बिभीषणआप्पा, मंगळवेढ्याचे, गडी लई दांडगा, ते गेल्या पावसाळ्यात गेले. आतड्यात गाठ. कळलं तवा उशीर झाला हुता. तितला डॉक्टर म्हनला, 'पाठच्या भावाची तपासणी करून घ्या, त्रास असो-नसो. लवकर सापडलं तर काढून टाकता येतं.' पाठचा भाऊ म्हंजे आमचे मालक. महिपती त्यांचं नाव. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर हयात गेली, आता घरी. त्या दिवसापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. येता-जाता इचारायची, 'काय होतंय का तुमाला?' 'काय बी न्हाय.' 'खरं सांगा.' 'अगं, मला काय धाड भरलीया!'

तरी नेलंच म्या. कुटल्या दवाखान्यात ते इचारू नका, खिडकी समदीकडं एकच असती. आन् खिडकीत कोन असावं? सृष्टी! आता सृष्टी कोन? अवो, हितंच तर घोळ झाला! दोन महिन्यामागं आमच्या शिवराजसाठी, नातवासाठी हो, हिला बगायला गेलो हुतो. पोहे झाले, चा झाला, आन् मालकांच्या अंगात आलं. 'पोरी, चष्मा हाय का? मोठ्यानं वाच बरं. दमा-बिमा? घरात कुनाला काय दुखनं?' मला तर धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं, पन पोरीनं मान खाली घालून समदी उत्तरं दिली. व्हय-न्हाय अजून कळवायचंच हुतं, आन् आता ती खुर्चीवर, गळ्यात ओळखपत्र, आन् हे स्टुलावर. मान कुनाची खाली? यांची!

पोरगी लई सरळ. हसली बी न्हाय. 'आजोबा, त्रास काय होतोय?'

'काय बी न्हाय.'

'कुठं दुखतं का?'

'न्हाय.'

'मग तपासणी कशासाठी?'

मी म्हनलं, 'अगं, दीर गेले, डॉक्टरनं सांगितलंय की.' तर म्हनती, 'आजी, नुसती खात्री करायला म्हणून तपासणी कार्डात बसत नाही. त्रास असेल, डॉक्टरांनी ॲडमिट करा म्हणून लिहिलं, तर बसतं. नाहीतर पैसे भरून करा.' पैसं किती ते ऐकलं आन् मालक उभंच राह्यले. 'चल घरी. मी ठनठनीत हाय.'

म्हंजे बगा हां! कार्ड आजारी मानसाचं, आन् आजारी हाय का न्हाय ते बगायचं म्हनलं तर कार्ड न्हाय!

आमच्या मागं एक करमाळ्याची बाई हुती, ती माझ्या कानाला लागली. 'ताई, पोटात दुखतंय म्हना की. समदे म्हनत्यात.' आता मी कदी खोटं बोलत न्हाय, लुगड्याची किंमत सोडली तर. पन त्या दिवशी सुटले. 'लिही गं बाई, यांच्या पोटात दुखतंय. जेवन जात न्हाय. रातभर कण्हत्यात. चक्कर येती. चार पावलं चालवत न्हाय...'

तर आमच्या मालकांची एक खोड हाय. चारचौघात मी काय बी बोलले की दुरुस्त करायचं. मी म्हनलं डाळ तुरीची, की हे म्हननार मुगाची. मी म्हनलं पाव्हनं करमाळ्याचं, की हे म्हननार बार्शीचं. आन् हितं मी कण्हत्यात म्हनल्यावर टकुरंच फिरलं यांचं. 'कोन कण्हतंय? पोरी, काय बी लिहू नगंस! पोटबिट काय दुखत न्हाय. दोन भाकरी खातोय. सकाळचं रगत जातंय तेवढं, दिवाळीपासनं, बाकी काय बी न्हाय!'

काय बोलून बसलो ते यांना कळलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आन् सृष्टी... तुमाला सांगते, पोरगी खुर्चीवरनं उठलीच. 'आजी, बसतंय! कार्डात बसतंय!' आन् मी येडी, दोनी हात जोडले, 'सिद्धरामेश्वरा, पावलास रं बाबा!' ती करमाळ्याची बी म्हनती, 'झालं की वो काम, ताई!'

मंग डोक्यात उजेड पडला. नवऱ्याचं रगत जातंय, आन् मी देवाला पावलास म्हनतीया. तितंच फरशीवर बसले आन् रडले, कुनाची लाज धरली न्हाय. 'दिवाळीपासनं? आन् मी रोज इचारतीया तुमाला?' हे खाली बगून म्हनले, 'तू भेली असतीस. आन् शिवराजचं जमत आलंय... घरात दुखनं हाय म्हनल्यावर पोरगी कोन देतंय?' ज्या पोरीपासनं झाकायचं, तिलाच सांगून मोकळे! सृष्टी टाइप करत करत म्हनली, 'घरचं घरी बघू आजोबा. आत्ता आधार कार्ड द्या.'

ॲडमिट केलं. नळी घातली, कॅमेरा घातला, आत बारकी गाठ सापडली, शेंगदान्याएवढी. काढली, तपासाय पाठवली, साधी निघाली. डॉक्टर म्हनले, 'आणखी काही वर्षं राहिली असती तर अवघड होतं.' समदं कार्डावर झालं, खोटं कशाला बोलू? शिवराजचं बी जमलं.

पन आता मालक माझ्या मागं. 'तुजी बी सत्तरी झाली, तुजी बी तपासनी करू.' गेलो त्याच खिडकीत. म्हनलं आता घरचीच पोरगी, काय तरी वळख दाखवंल. कशाची वळख! तसंच सरळ तोंड, 'आजी, त्रास काय होतोय?' लई आठवलं बगा. डोकं? न्हाय. छाती? न्हाय. गुडगं? ते बी मेलं औंदा तेलानं बरं झालं! आन् हे शेजारी बसून कानात, 'नीट आठव की गं, काय तरी असंल! माजं निघालं का न्हाय?'

न्हाय हो. काय बी निघंना. आलो तसंच माघारी. गल्लीच्या तोंडाला शेजारीन हुभीच, 'काय म्हनले डॉक्टर?' म्हनलं, बगितलंच न्हाय. तर म्हनती, 'म्हंजे ठनठनीत हायसा की!'

व्हय बाई... काय तरी व्हईस्तवर ठनठनीतच!