मोडलेला सोमवार

औंढ्याच्या नागनाथाला गंगूताई जप करत नेमाच्या दर्शनाला उभ्या होत्या. रांगेत पुढंच सासू-सून. सून दवाखान्यात नर्स.

“आत्याबाई, काल माझा सोमवार मोडला. डबा खाऊन बसले.”

“काहून गं?”

“वारच ध्यानात न्हाई. कवा सकाळची ड्युटी, कवा रातची. ऐनवेळी सांगतेत.”

“देव माफ करतो, लेकरा.”

“देव करंल. उद्या इंजेक्शन चुकीचं दिलं तर?”

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला.

“दवाखान्यातूनच हाय. आत्ताच बोलावत असतील.”

“आन इकडं. हॅलो, मी कोमलची सासू. ती येनार न्हाई, आजारी हाय.... ताप न्हाई, सायेब. मन थकलंय तिचं.... व्हय, मनच. रजेच्या कागदावर तसंच लिवा.”

गंगूताईंचा जप थांबला होता.