स्टानाची भाषा

(कोबे. अक्षयाचा विद्यापीठाजवळचा फ्लॅट. पुण्याहून राहायला आलेली तिची आई, नंदिनी.)

नंदिनी: म्हणजे तिच्या अंत्यविधीला रडायला कुणीच नव्हतं?

अक्षया: एकही बाई आली नाही, आई. स्टानाच्या मोठ्या मुलाचा मेल आलाय. माँटेनेग्रोत त्या डोंगरातल्या गावांत माणूस गेलं की बायका शोकगीत म्हणतात. तिथल्या तिथे रचून. पन्नास वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला स्टाना गायली.

नंदिनी: आणि तिच्याच वेळी गाव फिरकलं नाही? का गं?

अक्षया: माझ्यामुळे.

नंदिनी: तू इथे जपानात. तू काय केलंस तिचं?

अक्षया: दोन वर्षांपूर्वी संशोधनासाठी तिथली बोली रेकॉर्ड करायला गेले होते ना, तिच्याकडेच राहिले होते. तिथे भाषेच्या नावावरून घरं फुटलीत. काही म्हणतात माँटेनेग्रिन, काही म्हणतात सर्बियन. बोलतात सगळे सारखंच. तिचा मोठा मुलगा एका बाजूचा, धाकटा दुसऱ्या.

नंदिनी: आणि ती स्वतः?

अक्षया: मी तीनदा विचारलं. तीनदा म्हणाली, "आमची भाषा. लिही तसंच."

नंदिनी: मग तसंच लिहायचंस.

अक्षया: माझ्या फॉर्ममध्ये रकाने दोनच होते. आमचे प्रोफेसर, सेन्सेई, म्हणाले, "अक्षया-सान, 'आमची' हे भाषेचं नाव नव्हे. डेटा क्लीन करा." पेपरची डेडलाइन होती. मी 'माँटेनेग्रिन'वर टिक केली.

नंदिनी: तुमचे पेपर वाचतं कोण?

अक्षया: तिकडच्या एका वर्तमानपत्रानं उचलला. तिच्या फोटोसकट. फोटो मीच दिला होता. गावातले बहुतेक दुसऱ्या बाजूचे. मयताला तिला बोलावणं बंद झालं. धाकट्यानं घरी येणं सोडलं.

नंदिनी: तिनं तुला जाब नाही विचारला?

अक्षया: फोन केला होता, जानेवारीत. म्हणाली, "पोरी, मी असं कधी म्हणाले?"

नंदिनी: मागच्या खेपेला, जानेवारीत, मी इथेच होते. बाल्कनीत जाऊन बोललीस तो? कामाचा आहे म्हणालीस.

अक्षया: हो. तिला म्हटलं, दुरुस्त करते.

नंदिनी: केलंस?

अक्षया: विद्यापीठातलं माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये त्याच पेपरवर रिन्यू व्हायचं होतं.

नंदिनी: अक्षया!

अक्षया: झालं रिन्यू. आणि ती गेल्या गुरुवारी गेली. मोठा लिहितो, आमच्यात पुरुष गात नाहीत, त्यामुळे आम्ही दोघं भाऊ नुसते उभे होतो. धाकटा तर दफनभूमीच्या फाटकाशीच थांबला. पेटी खाली सोडताना दोर घासल्याचा तेवढा आवाज.

नंदिनी: आता काय करणार आहेस?

अक्षया: सकाळी जर्नलला कळवलं, पेपर मागे घेतेय. मग सेन्सेईंना सांगितलं.

नंदिनी: ओरडले?

अक्षया: ते ओरडत नाहीत. म्हणाले, छोटा खुलासा द्या, पेपर राहू दे. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, पुढच्या एप्रिलपासून विद्यापीठातली तुमची खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. म्हणजे नोकरी गेली.

नंदिनी: जाऊ दे खोली. त्या धाकट्याला कळवलंस?

अक्षया: फोन केला. सांगितलं, तुमची आई कुठल्याच बाजूला नव्हती. ते खोटं माझं.

नंदिनी: काय म्हणाला?

अक्षया: म्हणाला, "आई दर फोनला हेच सांगायची. मला वाटलं, विद्यापीठ कशाला खोटं लिहील."