रविवारी बिघडणारा कॉम्प्युटर

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका! आपल्या माणसाची सेवा करायची म्हणजे त्याचं काम उरकून मोकळं व्हायचं — की त्याच्यापाशी बसायचं? हं? अहो, खांबाला टेकलेले काका, डोळे उघडा, तुम्हालाच विचारतोय!

ऐका तर. देवरुखला सुलभाताई रिसबूड म्हणून एक बाई. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा निरंजन बंगळुरात. घरात बाई आणि एक कॉम्प्युटर! भजनी मंडळाचे कागद टाइप करायला मुलानंच आणून दिलेला. आणि तो कॉम्प्युटर — काय सांगू तुम्हाला! — नेमका रविवारी बिघडायचा!

मग फोन. "निरू, छापलंच जात नाहीये रे!" "आई, डावीकडे खाली बघ. अगं, ते उजवीकडे झालं!" तासभर हेच. शेवटी कागद छापून यायचा, आणि मधल्या मधे त्याचा खोकला, तिची आमसुलं, शेजारणीचं मांजर, सगळं बोलून व्हायचं.

एकदा निरंजन सुट्टीला घरी आला. म्हणाला, "आई, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये साधी होम एडिशन आहे. आपण त्याच्या वरची, प्रो टाकू."

"त्यानं काय होतं?"

"मी तिकडे बसून हा कॉम्प्युटर चालवीन! तुला बोटसुद्धा लावायला नको."

"नको," बाई म्हणाल्या.

"अगं, का नको?"

"आहे त्यात माझं भागतंय."

आता मुलगा चिडला. चिडणारच! आपण मारे उपकार करायला जावं आणि समोरच्यानं नको म्हणावं — किती राग येतो, नाही? म्हणाला, "तुझं भागतंय! पण दर रविवारी माझा तास मोडतो, त्याचं काय?"

बोलून गेला. बाईंनी पदरानं उगाच कीबोर्ड पुसला आणि म्हणाल्या, "टाक बाबा. तुझा वेळ नको मोडायला."

तो बसला. हे दाबलं, ते दाबलं, आता शेवटचं एक बटण राहिलं! तेवढ्यात बाईंनी हळूच विचारलं, "निरू, मग काही बिघडलं तर मी काय करायचं?"

"काही नाही! तू आपली निवांत झोप. मी तिकडूनच येईन, दुरुस्त करीन, जाईन. तुला कळणारसुद्धा नाही!"

अरे अरे अरे! काय बोललास रे बाळा!

बाई म्हणाल्या, "माझा मुलगा घरी येऊन जाणार — आणि मला कळणारसुद्धा नाही? अरे मेल्या, असलं कसलं रे ते येणं?"

मंडळी, त्याचा हात तिथंच थांबला. बटण सोडून तो आईकडे वळला. मग म्हणाला, "आई, हा दर रविवारीच कसा गं बिघडतो?"

बाईंनी मान खाली घातली. "कधीकधी खरंच बिघडतो. एरवी... प्रिंटरची वायर मीच काढून ठेवते."

हसा, हसा! तोही हसला. हसता हसता रडायला लागला, आणि एवढा मोठा बाप्या, आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. एडिशन होती तीच राहिली. पुढच्या रविवारी फोन त्यानंच केला. "आई, काय बिघडलंय?" "काही नाही रे." "बरं झालं. मग बोल!"

आणि आपण? आपण देवाशी काय करतो? आरतीला विजेच्या मोटारीवरचा नगारा बसवला! बटण दाबलं की घंटा घणघण, झांजा झणझण — आणि आपण बाहेर चपला शोधतोय! आरती झाली हो, वेळेवर झाली. पण आपण येऊन गेलो, हे त्याला कळलं का? रागावू नका, मला कीर्तनाला बोलावलंत तर एवढं ऐकावंच लागेल.

पेटी जरा थांबवा. ज्यांची आई आहे त्यांनी उठा, अंगणात जा, फोन लावा. काम काढून नव्हे, उगाच लावा! आम्ही खोळंबतो, काही बिघडत नाही. आणि ज्यांची नाही, माझ्यासारखे — त्यांनी पुढे सरका, असे जवळ बसा. ते परत येईपर्यंत आपण नाव घेऊ.