बिट्टी चुकेना

...आणि वीस गुण! शंभरातले वीस, नुसते चुकांना. म्हणजे माझ्या चुकांना नाही हो, मुलीच्या चुकांना. मूल वाचताना चुकलं की बाई काय करतात, कपाळाला आठ्या घालतात की शांत राहतात, उत्तर त्याच्या तोंडात कोंबतात की त्यालाच शोधू देतात, ते बघून निरीक्षक मॅडम गुण देणार. आणि मूल चुकलंच नाही तर? तर तो रकाना कोरा. कोरा म्हणजे शून्य, शून्य म्हणजे नापास. हे कुणी ठरवलं, कुठल्या खोलीत बसून ठरवलं, देव जाणे, पण तुम्हाला सांगते, त्या एका रकान्यापायी मी जे केलं ना... लाज वाटते, पण सांगते.

पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर म्हणाल, ही नुसतीच रडतेय. मी शाळेत शिकवते, पण दर वर्षी नव्याने नेमणूक, दर वर्षी नव्याने अर्ज. मुख्याध्यापिका म्हणाल्या, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना शिकवण्याचं प्रमाणपत्र आणा, जिन्याखालची खोली तुमची आणि नेमणूक कायमची. डिस्लेक्सिया म्हणजे काय, तर डोकं चांगलं चालतं, पण अक्षरं काही केल्या जागेवर बसत नाहीत. म्हटलं, करू. घरी तीन वर्षांची लेक, तिला सासूबाई सांभाळतील, आणि नवरा म्हणाला, "कर की, वर्षाचाच तर प्रश्न आहे," जसं काही वर्ष म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायचं.

आणि प्रमाणपत्राचे वर्ग सुरू झाले तसं मला जिथे तिथे तेच दिसायला लागलं. लेकीने चपला उलट्या घातल्या की मी वहीत नोंद करायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तीन वर्षांची आहे ती. चपला पायातच घालते हे काय कमी आहे?" पटलं मला. नोंदी थांबवल्या नाहीत, वही लपवायला लागले एवढंच.

तर नियम असा, की एकाच मुलाला साठ तास एकट्याला शिकवायचं, आणि साठाव्या तासाला मॅडम मागे येऊन बसणार. माझ्या वाट्याला आली बिट्टी. नऊ वर्षांची, दोन वेण्या, गुडघा कायम खरचटलेला. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं तशी म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येऊ?" एका तासात चारदा पाणी प्यायली. पण मग आम्ही वाळूच्या ताटात बोटाने अक्षरं गिरवली, टाळ्या वाजवून शब्द फोडले, आणि काय सांगू, विसाव्या तासाला घ आणि ध तिच्या तावडीत आले, चाळिसाव्याला पोर अख्खं पान वाचायला लागली. कुठल्याही बाईला आनंदच व्हावा ना? मला धडकी भरली. कारण तिचे वडील दारात येऊन उभे राहिले. बस चालवतात, बोलणं मोजकं. म्हणाले, बाई, आता वाचते की ती, मैदानावर मैत्रिणी वाट बघतात, सोडता का? आणि सोडली तर माझे तास? नव्या मुलाबरोबर पुन्हा एकपासून? मी चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, "अजून पाया कच्चा आहे."

कसला कच्चा! मुख्याध्यापिकांच्या गाडीचा भार पेलेल असा पाया झाला होता. लाज वाटते, पण सांगते, त्या माणसाने मान खाली घालून "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं, आणि मला हायसं वाटलं.

पुढचे वीस तास मी तिला नुसती अडकवून ठेवली. कुणी आयुष्यात वापरत नाही असले लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेले शब्द शोधून आणायचे, आणि तिने खिडकीतून एकदा मैदानाकडे बघायचं आणि वाचून टाकायचे.

साठावा तास. मॅडम मागे, मांडीवर गुणांचा तक्ता, पेनाचं टोपण काढलेलं. बिट्टी वाचायला लागली, घडाघडा. एक परिच्छेद झाला, दोन झाले, रकाना कोरा. मी त्यातल्या त्यात अवघड पान काढलं, तेही वाचलं. घड्याळात सोळा मिनिटं उरलेली, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, चूक गं बाई, एकदा तरी चूक, एवढीशी चूक... शिकवणाऱ्या बाईने असलं काही मागावं?

आणि बिट्टीने वर बघितलं. माझ्या तोंडाकडे. तीन वर्षं ज्या पोरीला पानावरचं काही वाचता येत नव्हतं, ती तीन वर्षं बाईंचे चेहरेच वाचत होती हो, त्यात तिचा हात कोण धरणार? क्षणभर बघितलं, मान खाली घातली, आणि "धाव"ला "घाव" म्हणाली.

मी अगदी शांतपणे म्हटलं, "वाळूत काढून बघू या हं." काढलं तिने, हळूहळू, जन्मात पहिल्यांदा काढत असल्यासारखं. दोन ओळींनी पुन्हा चुकली. मग पुन्हा. शेवटी शेवटी तर तिला इतका चेव आला, की पाणी प्यायलाही जाऊन आली. मागे मॅडमचं पेन खरखर, खरखर. वीसपैकी वीस.

मॅडम गेल्यावर बिट्टी माझ्या कानाशी आली. "बाई, पुरल्या का चुका?"

मी वाळूचं ताट सारखं करायला लागले.

"मग उद्यापासून खेळायला जाऊ?"

लाज वाटते, पण सांगते, प्रमाणपत्राच्या नादात मी त्यानंतरही तीन दिवस गप्प बसले. नवरा म्हणाला, वीसपैकी वीस मिळालेत, आता कशाला उकरतेस. चौथ्या दिवशी राहवेना. आधी तिच्या वडिलांना सांगितलं. ते मान डोलावून बसकडे वळले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मग मॅडमच्या दारात गेले, आणि खरं सांगू का, मनात असं होतं की त्या म्हणतील, किती हा प्रामाणिकपणा, आणि करतील सही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत," आणि तक्त्यावर आडवी रेघ मारली. नवा विद्यार्थी, तास पहिल्यापासून. जिन्याखालच्या खोलीला कुलूप, नेमणूक पुन्हा वर्षाचीच.

परवा नवी मुलगी आली. आठ वर्षांची, दप्तर छातीशी घट्ट धरलेलं. पहिली ओळ, चार शब्द, तीन चुका. पोर थबकली, वर बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही हसताय?"

म्हटलं, "नाही गं बाळा, वाच तू."

लाज वाटते, पण सांगते... हसत होते.