अर्धे शाकारलेले घर

मोटारसायकलींचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. त्रेसष्टच्या सुमारास, वैशाखात, आम्ही पाच मित्र तीन मोटारसायकलींवरून पालघरहून तारापूरच्या किनाऱ्याकडे निघालो होतो. तिकडे मोठा प्रकल्प येणार असल्यामुळे गावांची मोजणी चालू होती. बोईसरच्या पुढे एका घरासमोर आमच्यातल्या वसंतरावांच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. छपरावर एक माणूस पेंढा घालून पावसाळ्यापूर्वीची शाकारणी करीत होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने आम्हांला पाणी दिले आणि आमचे काळे चष्मे निरखीत विचारले, "साहेब, आमचं घर राहील का जाईल?"

"आजी, आम्ही साहेब नाही," मी म्हणालो.

"मंग हितं कशाला आले?"

वसंतराव हसून म्हणाले, "काही नाही हो, नुसता तुमचा मुलूख पाहायला आलो."

तिने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"शेजारच्या गावात मोजणीवाले आले, तेबी आदी हेच बोलले. नुसतं बगाया आलो."

"अहो, आम्ही खरेच सहलीला निघालो आहोत," वसंतराव म्हणाले.

मान वर करून तिने मुलाला हाक मारली, "पांडू, उतर खाली. ऱ्हायलेला पेंडा म्हशीला घाल."