नाइन, फोर्टी-फाइव्ह आणि मागचं दार

मी बार्शीकडची, लोहाराची लेक. ताई, तुम्ही लिहून घेताय ते घ्या, पण मराठी मंडळाच्या अंकात वगैरे देऊ नका, मला चारचौघांत बोलायची सवय नाही, आवाजच फुटत नाही माझा, आणि आज जे सांगते ते रागानं सांगतेय. चौथीपर्यंत शाळा झाली, मग आप्पांच्या भात्यावर बसले. आप्पा विळे, खुरपी, कोयते करायचे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, हात कुणाचा आणि कापायचं काय. बाईसाठी विळा हवा असेल तर बाईलाच घेऊन ये म्हणायचे, तिच्या मुठीत दांडा धरून बघायचे. एकदा एकजण भावाशी भांडून आला, कोयता दे म्हणाला, कापायचं काय विचारलं तर बोलेना. आप्पा म्हणाले, भट्टी विझलीय, घरी जा. भट्टी तर धगधगत होती, मीच भाता ओढत होते.

आप्पांचं का सांगितलं ते कळेल पुढं. लग्न झालं, मालक गॅरेजात मेकॅनिक, एकच मुलगा नितीन, तो शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर शिकागोला आला. मालक गेले तेव्हा मला घेऊन आला. मग त्याची नोकरी गेली, परत मिळाली ती घरून करायची, पण मधल्या काळात त्यानं डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा दुकान घेतलं होतं, ते सोडवेना. कोण बसणार? सून सोनल हॉस्पिटलात नर्स, तिच्या शिफ्ट. मग मी. काय सांगू तुम्हाला, ज्या बाईला सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहा नको म्हणता येत नव्हतं ती बाई काउंटरवर बसायला लागली. मेथीच्या जुड्या बांधायच्या, वजन करायचं, थँक्यू म्हणायचं. बायका म्हणायच्या, काकू, हा कढीपत्ता फ्रेश आहे ना? मी नुसती मान हलवायची. पण ती जागा माझी होती हो. या देशात तेवढीच जागा माझी.

माझं काउंटर भिंतीला लागून आहे. एका बाजूनं आत शिरायचं, त्याच बाजूनं बाहेर. पाठीमागं गल्लीत उघडणारं दार, पण त्या दारासमोर बासमतीची पोती छातीपर्यंत रचलेली. मी नितीनला किती वेळा म्हटलं, बाबा, ही पोती हलव, मला कोंडल्यासारखं होतं. तो म्हणायचा, आई, स्टोरेज नाही, कुठं ठेवू?

मग तो माणूस आला. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. टोपी ओढलेली, एक हात खिशात. तुम्ही बसलाय ना ताई, एवढ्याच अंतरावर. सिट डाऊन म्हणाला. मी बसले. त्यानं गल्ल्यात होतं ते घेतलं, माझा फोन घेतला आणि गेला. खिशात काय होतं मला माहीत नाही, आजही माहीत नाही. मी उठले तेव्हा हातात मेथीची जुडी तशीच होती.

त्यानंतर जो तो मला विचारी, काकू, तुम्ही बसलात कशा? अरे, बसले म्हणून तर बोलतेय तुमच्याशी!

नितीन घाबरला होता, ते मला कळत होतं. पण घाबरलेला पुरुष गप्प बसत नाही, तो खरेदी करतो. त्याचा मित्र आहे सुधीर, नागपूरचा, त्याच्याकडं तीन पिस्तुलं. आणि शेजारचे डॉक्टर, रिटायर झालेले, जन्मभर इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशनं केलेली. तिघं माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझाच चहा पीत बोलायचे. सुधीर म्हणे, फोर्टी-फाइव्हच घे यार, जाड गोळीचं, एक गोळी आणि माणूस खाली, त्याला स्टॉपिंग पॉवर म्हणतात, जागच्या जागी थांबवायची ताकद. नितीन म्हणे, नाही, नाइन एमएम, गोळ्या जास्त बसतात, नेम चुकला तर पुढची आहे. सुधीर म्हणे, पण काकूंना झेपणार नाही, लेडीज लोकांना थ्री-एटी देतात, छोटं असतं. डॉक्टर म्हणाले, मी इतकी वर्षं माणसांच्या अंगातून गोळ्या काढल्या, भोक बघून नाइनची की फोर्टी-फाइव्हची ते मला कधी सांगता आलं नाही. कुठं लागली त्यावर सगळं. आणि लागल्यावरही काही माणसं दोन गल्ल्या पळत जातात. सुधीर हसला, डॉक्टर, तुमच्याकडं नुसते पळालेलेच येतात, जागच्या जागी पडलेले कुठं येतात? झालं, परत पहिल्यापासून सुरू.

मी पोळ्या लाटत होते. मध्येच सुधीर म्हणाला, काकू, हात दाखवा. पिठाचा हात धरला, उलटा केला, म्हणाला, बोटं आखूड आहेत. भाजीच्या गाड्यावर भोपळा बघतात तसा! हात कुणाचा हे तरी बघितलं, पण आप्पांचा दुसरा प्रश्न त्यातल्या एकानंही विचारला नाही. तो माणूस किती लांब होता? मी कुठं बसले होते? पिस्तूल काढायला ड्रॉवरकडं माझा हात हलला असता तर त्यानं काय केलं असतं? एकानंही विचारलं नाही, ताई. जिच्यासाठी घ्यायचं तिला सोडून सगळं विचारून झालं.

मला रेंजवर नेलं, नेमबाजी शिकवतात तिथं. कानाला मोठं झाकण लावलं तरी प्रत्येक आवाज छातीत. नाइनचा वरचा भाग मागं ओढायचा असतो, तो माझ्यानं ओढवेना. मग ते लेडीज म्हणून दिलं, छोटं, हलकं. सगळ्यांना वाटलं छोट्याचा झटका कमी. कसला कमी! हलकं म्हणून जास्तच उसळलं आणि मागं येताना अंगठ्याजवळची कातडी सोलून गेलं. सुधीर म्हणाला, काकू, डोळे का मिटता? मी रडत होते. त्याला वाटलं भीतीनं. मला राग आला होता रे बाबा, राग. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी बांधता येईना मला.

तरी नितीननं पिस्तूल आणलंच, नाइन. या राज्यात जवळ ठेवायला परवान्याचं कार्ड लागतं, तर माझ्या नावानं अर्जही भरून टाकला. आई, हे काउंटरखाली राहील. आणि ठेवायचं नसेल तर तू दुकानात बसायचं नाही. मला घरी बसवायचं ठरलं होतं, बघा. चोरी त्या टोपीवाल्यानं केली आणि जागा माझी जाणार!

खंडेनवमीला मी पाट मांडला. आमच्या लोहाराच्या घरात त्या दिवशी ऐरण, घण, भाता, सगळ्यांना हळदकुंकू, आणि दिवसभर कुणी हत्याराला हात लावायचा नाही, त्यांनाही विसावा. मी आप्पांनी केलेली विळी ठेवली, दुकानातला वजनकाटा ठेवला, सोनलचं बीपी बघायचं यंत्र ठेवलं, नितीनचा लॅपटॉप. सुधीर आणि डॉक्टर जेवायला आले होते. नितीननं पिस्तुलाची काळी पेटी आणली, उघडून पाटावर ठेवली. आई, शस्त्रच आहे, लाव कुंकू. सुधीर म्हणाला, वा, खरी पूजा तर आज होतेय, पण फोर्टी-फाइव्ह असतं तर शोभलं असतं.

मी विळीला कुंकू लावलं. काट्याला, यंत्राला, लॅपटॉपला लावलं. मग करंडा मिटला. नितीन म्हणाला, आई, राहिलं की. आणि मला माहीत नाही आवाज कुठून आला, मी म्हटलं, ज्यानं हे मागितलं त्यानं लावावं. मी मागितलं नव्हतं. मी पोती हलव म्हटलं होतं. कुणाला थांबवायचं तुम्ही ठरवलंत, कितीच्या गोळीनं तेही ठरवलंत, मला कुठून पळायचं ते विचारलंत का? त्या माणसाला थांबवायचं नव्हतं मला, मला तिथून निघायचं होतं! इतकं कळतं तर तिघं बसा काउंटरवर पाळीपाळीनं.

नितीन लाल झाला, आई, लोकांसमोर काय हे? मी म्हटलं, माझा हात लोकांसमोरच धरला होता ना? सुधीर ताटाकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, वहिनी, हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. सोनल आतून आली, तिनं पेटी बंद केली, नितीनच्या हातात दिली आणि म्हणाली, उद्या माझी सुट्टी आहे, आई, आपण दोघी जाऊ.

दसऱ्याला आम्ही दोघींनी ती पोती ओढली. मला धाप लागली, सोनलच्या बांगड्या फुटल्या, पण दार मोकळं झालं. कडी गंजली होती, तिला तेल घातलं. पुढच्या दाराला बझर लावला, आता मी बटण दाबल्याशिवाय कुणी आत येत नाही. माझ्या नावाचा अर्ज सोनलनं रद्द करायला लावला. पिस्तूल नितीनच्या खोलीत कुलपात आहे. असू दे, त्याला त्यानं झोप लागत असेल तर लागू दे.

अजून माझ्याशी तो धड बोलत नाही. दुकानात आला की आधी पोत्यांकडं बघतो, आता ती चहाच्या रॅकपुढं आहेत, म्हणतो, गिऱ्हाईक अडखळतं. अडखळू दे. सुधीर परवा आला, तुरीची डाळ घेऊन गेला, काकू, बरं आहे ना म्हणाला, माझ्या हाताकडं बघितलं नाही. माझा राग गेलेला नाही, ताई, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. नितीनला देव सुखी ठेवो, ते पिस्तूल उचलायची वेळ त्याच्यावर कधी न येवो. त्या टोपीवाल्यालाही कुठं तरी काम मिळो, फक्त त्यानं माझ्याकडं येऊ नये.

सकाळी दुकानात गेले की मी आधी मागचं दार उघडून बघते. गल्लीतला गार वारा आत येतो. मग पुढचं उघडते.