मॉरिशसचा मास्तर

चहा थंड झाला तरी चालन गा, पण आमच्या वामनचं ऐक. लकडगंजातल्या या वामनले मॉरिशस बेटावरच्या शाळेत मराठी शिकवाची नोकरी पाहिजे होती. त्याची परीक्षा इथंच नागपुरात होती. पहिल्या खेपेले पुण्याच्या परीक्षकानं त्याले मधातच थांबवलं.

"ही कुठली मराठी?"

"नागपूरची जी."

"मग आधी ती विसरा, नंतर शिकवायला या."

वामननं हे मनावरच घेतलं. घरी, बजारात, आमच्यासंगही पुस्तकातलं बोलाले लागला. मी म्हटलं, "काहून गा, आमच्याशी कायले?" तर म्हणे, "सवय मोडायलाच हवी. मला पुन्हा नापास व्हायचं नाही." आम्ही त्याले गुरुजी म्हणून चिडवत होतो. दुसऱ्या खेपेले पठ्ठ्या पास झाला.

जहाजाची तारीख आली अन् त्याची माय खाटेले खिळली. मोतीबिंदूनं तिले कैक वर्षांपासून दिसत नव्हतं, माणूस आवाजावरूनच ओळखे. शेवटच्या दिवशी वामन तिच्या उशाशी बसून म्हणाला, "आई, थोडं पाणी घेतेस का?"

तिनं तोंड फिरवलं. माझ्या बायकोले म्हणे, "कोणी गुरुजी आले वाटते वं, त्याइले बसाले दे. अन् माह्या वामनले बोलाव लवकर."

बायको रडतच म्हणाली, "हाच तर वामन आहे, काकी."

"नाही वं," म्हातारी म्हणे, "माहा वामन मले माय म्हणते."

वामन "माय! माय वं!" करून ओरडला. पण तवरक ती पोराची वाट पाहत गेली होती.